शंभराच्या वजनातलं शिसं

या मित्रांनो, बसा माझ्या फळीवर. तिघं-चौघं बसलात तरी मोडत नाही मी. माझ्यावर डुकरं उभी राहिलीत, सुक्या खोबऱ्याची पोती आदळलीत, एकदा तर एक हमाल दारू पिऊन दुपारभर झोपला होता. मी एक जुना वखारीचा काटा आहे. शाळा-बिळा काही शिकलो नाही, आकडे तेवढे येतात. पण आज तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगतो. तो माझ्यावर दर शुक्रवारी उभा राहायचा, आणि माझ्यामुळे त्याचं वाटोळं झालं. मी मुद्दाम केलं नाही. पण झालं माझ्यामुळेच.

आधी माझं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी ओतीव बिडाचा. बोटीतून आलो आणि धक्क्यावरच्या एका खोबऱ्याच्या व्यापाऱ्याकडे लागलो. नाव कासियानो, लोक मानानं 'दोन कासियानो' म्हणायचे, दोन म्हणजे शेठ. माझी रचना साधी. खाली फळी, वर आडवी दांडी, दांडीवर एक सरकतं वजन. शंभर किलोपर्यंत तेवढं पुरतं. माल शंभराच्या वर गेला, की दांडीच्या टोकाला एक चपटं गोल वजन लटकवायचं. त्यावर शंभराचा आकडा कोरलेला. म्हणजे हे शंभर धरायचे आणि वरचं दांडीवर बघायचं.

त्या शंभराच्या वजनाच्या बुडाला कारखान्यातूनच एक रिकामी खोबण होती, अंगठा मावेल एवढी. दोन कासियानोनं तिच्यात शिसं ओतलं आणि वरून डांबर चोपडलं. झालं. शेतकरी दोन-दोन पोती एकदम चढवायचा, ती एकशे सहा भरायची, आणि मी म्हणायचो शंभर. सहा किलो दर खेपेला व्यापाऱ्याच्या घशात. शेतकरी कपाळाचा घाम पुसत म्हणायचा, "यंदा खोबरं फारच हलकं वाळलं हो." दोन कासियानो म्हणायचा, "ऊन कडक आहे, बाबा." मला तोंड असतं तर बोललो असतो. काट्याला तोंड नसतं, फक्त दांडी असते.

अशी तीस वर्षं गेली. म्हातारा मेला, वखार बंद पडली, मी भंगारात उभा राहिलो. तिथून मला ओपोंगनं उचललं.

ओपोंग म्हणजे सान रोकेच्या साखर कारखान्याच्या बास्केटबॉल संघाचा सगळं-काही. चेंडूत हवा भरणारा, घामट बनियनं धुणारा, पाय मुरगळला तर चोळणारा. कोर्टावर नसायचा तेव्हा समुद्रावर जाळं घेऊन असायचा. संघ साधा नव्हे बरं, पगारी खेळाडूंचा. आमच्या बेटावर पोराला चालता यायच्या आधी चेंडू टाकता येतो. नारळाच्या झाडाला रिंग ठोकलेली नाही अशी गल्ली दाखवा.

मला आणायचं कारण होतं सांतिंग. खरं नाव क्रिसांतो माग्बानुआ. साडेसहा फूट उंच आणि रुंदीला दरवाजाएवढा. संघात न्हाणीघरातला काचेचा काटा होता, त्यावर सांतिंग उभा राहिला आणि काच तडकली. सगळे हसले. सांतिंगही हसला. ओपोंग त्याला लाडानं तोतो म्हणायचा, म्हणजे बाळा. मग ओपोंग म्हणाला, "थांब तोतो, तुझ्यासाठी माणसांचा काटा नको, मालाचाच आणतो." आणि मला बैलगाडीतून आणून कोर्टाच्या दाराशी, बोळात उभं केलं. तिथून मला अर्धं कोर्ट दिसायचं. एका बाजूची बास्केट पूर्ण, दुसरीकडची नुसती ऐकू यायची.

दर शुक्रवारी वजन. सगळ्यांनी रांगेत यायचं, ओपोंगनं दांडी बघायची आणि आकडा मोठ्यानं ओरडायचा, कोच फळ्यावर लिहायचा. "रेनांते, सत्तर." "पुढचा, ब्याऐंशी." संघातला एकही गडी शंभराच्या वर नव्हता. एकट्या सांतिंगसाठीच ओपोंग ते लटकतं वजन काढायचा. ते खणकन टोकाला अडकवलं, की बोळात हशा पिकायचा. थोरल्याला आमच्याकडे मानोंग म्हणतात, म्हणजे दादा.

"आलं रे आलं, सांतिंगचं कानातलं आलं."

"मानोंग, दुसरं पण आण, एका कानात बरं दिसत नाही."

सांतिंगच्या करारात लिहिलं होतं, एकशे वीसच्या वर जायचं नाही. तो बिचारा मोजे काढायचा, गळ्यातली साखळी काढायचा, लग्नाची अंगठी काढून रेनांतेच्या हातात द्यायचा. मग श्वास आत ओढून चढायचा. जणू श्वासाचंही वजन असतं. दांडी थरथरायची, स्थिरावायची. "एकशे एकोणीस," ओपोंग ओरडायचा. सांतिंग श्वास सोडायचा आणि त्याच्या पायाखाली माझी फळी सैल पडायची.

तुम्ही ओळखलंच असेल. तो एकशे पंचवीस होता. शिसं त्याचे सहा किलो गिळत होतं. हे मला माहीत होतं आणि दुसऱ्या कुणालाच नाही.

आणि तरी काय खेळायचा म्हणून सांगू. गुण फार नाही करायचा, एका सामन्यात सहा, फार तर आठ. पेपरात कधी त्याचं नाव वर यायचं नाही. पण तो बास्केटखाली जाऊन उभा राहिला की समोरच्यांचे दोन गडी त्याला ढकलण्यातच दमायचे. रेनांते, आमचा बुटका पळणारा गडी, त्याच्या आडून निसटायचा आणि चेंडू आत टाकायचा. लोक रेनांतेच्या नावानं ओरडायचे. एकदा रेनांते बोळात बसून पायाला पट्टी बांधत म्हणाला, "लोक मला खांद्यावर घेतात. मी कुणाच्या पाठीमागून येतो ते कुणी बघत नाही."

सांतिंग म्हणाला, "माझी पाठ एवढी मोठी आहे, दिसत नाही म्हणतोस?"

"मोठी आहे म्हणूनच तर मी जिवंत आहे, मानोंग."

त्या वर्षी संघ जिंकला. ढाल आली, बँड आला, कारखान्याचा भोंगा दहा मिनिटं वाजला. एकशे पंचवीस किलोच्या माणसाच्या आधारानं जिंकला. फळ्यावर लिहिलं होतं एकशे एकोणीस.

जेवणाचे मात्र त्याचे हाल. आमच्याकडे माणूस भेटला की पहिलं म्हणायचं, "जेवलास?" आणि दुसरं म्हणायचं, "जाड झालास की रे." दोन्ही मायेनंच. कुणाच्या मनात वाईट नसतं. पण दिवसातून वीस जणांनी म्हटलं की माया चावायला लागते. शिवाय कुणाच्या घरी गेला आणि भात नको म्हणाला, तर त्या घरच्या बाईचं तोंड उतरणार. मग दोन घास घ्यायचे. भाजलेली कोंबडी, त्यावर तिचं पिवळं तेल भातावर ओतलेलं. तो भात समोर आला की सांतिंगचे डोळे ओले व्हायचे. भुकेनं का रागानं, मला कळायचं नाही. त्याची बायको लुदिविना त्याला घरी वाटीनं मोजून भात वाढायची. वाटी उपडी करून चमच्यानं वरचं काढायची.

ढाल आली त्याच्या पुढच्या हंगामात मॅनेजर बदलला. कारखान्याच्या मालकाचा भाचा, सर फेर्मिन. शहरात शिकलेला, कडक इस्त्रीचा. त्यानं पहिल्याच दिवशी बोळात सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, "करारातला आकडा म्हणजे आकडा. लागोपाठ दोन शुक्रवार जो वर गेला, तो घरी गेला. मग तो कुणी का असेना." बोलताना कुणाकडे बघत नव्हता, पण सगळे सांतिंगकडे बघत होते.

सांतिंग म्हणाला, "मी खालीच असतो, सर."

"राहा," सर फेर्मिन म्हणाला.

मग गावचा उत्सव आला. आमच्याकडे उत्सवाआधी पाद्री येऊन कारखान्यातल्या यंत्रांवर पवित्र पाणी शिंपडतात, तसं संघाच्या सामानावरही शिंपडतात. चेंडू, ढाल, बूट, सगळं मांडून ठेवायचं. ओपोंग म्हणाला, हा काटा गंजलाय, असा कसा पाद्र्यासमोर न्यायचा? त्यानं रॉकेल आणलं, चिंध्या आणल्या, आणि मला घासायला बसला. मायेनं घासत होता हो, लेकराला आंघोळ घालावी तसा. शंभराचं वजन त्यानं रॉकेलच्या डब्यात रात्रभर बुडवून ठेवलं. सकाळी बाहेर काढलं तर डांबर विरघळलेलं. वजन जमिनीवर ठोकलं तर शिशाचा गोळा टपकन बाहेर.

ओपोंगनं तो हातावर घेऊन बघितला. मी मनात म्हणालो, आता कळेल याला. आता हा विचार करील.

पण ओपोंग पडला कोळी. कोळ्याच्या हातात शिसं आलं की त्याला जाळं दिसतं. तो खूश झाला. "कुणीतरी भोक बुजवायला कोंबलेलं दिसतंय," असं स्वतःशीच म्हणाला, आणि गोळा खिशात टाकला. त्याच संध्याकाळी त्यानं तुकडे करून जाळ्याला लावले. मला पुसून, लखलखीत करून परत बोळात उभं केलं. पाद्र्यांनी पाणी शिंपडलं.

दोन कासियानोनं शिसं ओतल्यापासून शंभराच्या वरचं मी पहिल्यांदा खरं बोलणार होतो.

शुक्रवार आला. "रेनांते, सत्तर." "ब्याऐंशी." सगळ्यांचं जसंच्या तसं. मग सांतिंग. मोजे काढले, साखळी काढली, अंगठी दिली, श्वास ओढला. ओपोंगनं वजन अडकवलं. दांडी वर गेली ती खाली येईना. ओपोंगनं सरकतं वजन हलवलं, पुन्हा हलवलं. त्यानं आकडा ओरडून सांगितला नाही. हळूच म्हणाला, "तोतो, पुन्हा चढ बरं."

सांतिंग उतरला, पुन्हा चढला.

"किती आहे?" सर फेर्मिननं विचारलं.

"एकशे पंचवीस," ओपोंग म्हणाला.

एक जण हसला. सर फेर्मिन जवळ आला, त्यानं स्वतः दांडी बघितली. "गेल्या शुक्रवारी एकशे एकोणीस. आठवड्यात सहा किलो. उत्सव चांगला झाला म्हणायचा."

"मी खाल्लं नाही, सर," सांतिंग म्हणाला. "उत्सवात मी ताट हातात घेतलं आणि शेजाऱ्याला दिलं. विचारा कुणालाही."

"बाकी सगळ्यांचं वजन तेच आहे. काटा फक्त तुझ्याशीच खोटं बोलतो का?"

मित्रांनो, याला उत्तर होतं. मी ते दांडीवर घेऊन उभा होतो, आणि कुणाला वाचता येत नव्हतं.

लुदिविना दुसऱ्या दिवशी बोळात आली. ओपोंगला बाजूला घेऊन म्हणाली, "मानोंग, मी वाटी मोजून देते. घरात तो चोरून खात नाही, मला डब्यातला भात कळतो. खरं सांगा, तो बाहेर कुठं खातो का? मला राग नाही यायचा."

ओपोंग तिला इंदाय म्हणायचा, म्हणजे पोरी. म्हणाला, "मला नाही माहीत, इंदाय."

"कुणी बाई आहे का, जेवू घालणारी?"

"नाही गं. काहीतरीच."

ती गेली. थोड्या वेळानं सांतिंग आला. तिथंच होता तो, दाराआड, सगळं ऐकलं होतं त्यानं. माझ्या फळीच्या कडेवर बसला आणि ओपोंगला म्हणाला, "मानोंग, एक विचारू? माणूस खातो आणि विसरतो, असं होतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी खाल्लं असेन. मला आठवत नसेल. एवढे सहा किलो आले कुठून? लोक म्हणतात खाल्लं, बायको म्हणते खाल्लं, काटा म्हणतो खाल्लं. सगळे खोटे आणि मी एकटा खरा, असं कसं असेल?"

ओपोंगनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पुढचे सहा दिवस मी त्याला दारातून बघत होतो. भर दुपारी अंगात दोन-दोन सदरे, वर साखरेच्या पोत्याचं प्लास्टिक, आणि उसाच्या रस्त्यानं पळतोय. परत आला की भिंतीला टेकायचा. ओपोंग पाणी द्यायचा, तो तोंडात घोळवून थुंकायचा. गिळायचा नाही. चौथ्या दिवशी रेनांते म्हणाला, "मानोंग, ओठ बघ तुझे. निदान शहाळ्याचं पाणी घे."

"रविवारी घेईन."

"रविवारी सेमीफायनल आहे."

"म्हणूनच म्हणतो. शुक्रवारी घरी गेलो तर रविवारी कोण उभा राहील तुझ्यासमोर?"

शुक्रवारी तो चढला तेव्हा फळीला कळलं. पाय तेच होते, पण त्यातली रग गेलेली. आधी तो माझ्यावर उभा राहायचा तर मला वाटायचं, खांब रोवलाय. आता थरथर होती. ओपोंगनं दांडी लावली. "एकशे एकोणीस आणि वर थोडं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर फेर्मिनसुद्धा. म्हणाला, "बघा, मनात आणलं की होतं."

फळ्यावर पुन्हा तोच आकडा आला, ज्याच्यावर ढाल जिंकली होती. मित्रांनो, आकडा तोच, माणूस तो राहिला नव्हता.

रविवारी कोर्ट खच्चून भरलं. माझ्या बाजूची बास्केट आमची होती, म्हणून मी सगळं बघितलं. सांतिंग खाली उभा राहिला आणि समोरच्या दोघांनी त्याला ढकललं, आणि तो हलला. पूर्वी कधी हलला नव्हता. त्या दोघांनाही नवल वाटलं, मी त्यांचे चेहरे बघितले. मग त्यांनी पुन्हा ढकललं. रेनांते आडोशाला यायचा तर आडोसाच जागेवर नसायचा. रेनांते तीनदा आपटला. लोक ओरडायला लागले, "सांतिंग, झोपलास का?" एक म्हणाला, "पोटात डुक्कर घेऊन पळतोय तो." शेवटची चार मिनिटं होती. चेंडू रिंगवरून उडाला, सांतिंगनं उडी मारली, खाली आला आणि उजवा गुडघा बाहेरच्या बाजूला गेला. आवाज मला बोळात ऐकू आला. सुकं लाकूड मोडावं तसा.

चौघांनी उचलून आणला. जागा नव्हती म्हणून माझ्याच फळीवर ठेवला थोडा वेळ. तो रडला नाही. वर बघत म्हणाला, "हरलो का?"

हरलो.

त्याचा करार पुढे झाला नाही. डॉक्टर म्हणाले, गुडघा चालायपुरता होईल.

दोन महिन्यांनी एका सकाळी ओपोंग धावत बोळात आला. अंगाला मासळीचा वास, हातात जाळ्याचा कोपरा. त्यानं माझं शंभराचं वजन काढलं, उलटं केलं आणि खोबणीत बोट घातलं. मग सर फेर्मिनला बोलावून आणलं.

"सर, मी आज धक्क्यावर जाळं शिवत होतो. शेजारी एक म्हातारा खोबरेवाला बसला होता. तो म्हणाला, शिसं कुठून आणलंस? मी म्हटलं, दोन कासियानोच्या काट्यातून. तो हसायलाच लागला. म्हणाला, त्याच शिशानं माझ्या बापाला बुडवलं. शंभराच्या वजनात होतं, खेपेमागे सहा किलो खायचं." ओपोंगनं जाळ्यातले तुकडे खोबणीपाशी धरले. "सर, सांतिंग वाढलाच नव्हता. तो पहिल्यापासून तेवढाच होता. मी शिसं काढलं आणि तो जाड झाला. त्याला परत बोलवा, सर. निदान लोकांना तरी सांगा."

सर फेर्मिननं तुकडे बघितले. मला वाटलं, आता याच्या डोक्यात प्रकाश पडेल.

तो म्हणाला, "म्हणजे तो पहिल्यापासूनच वर होता. दोन वर्षं करार मोडत होता."

ओपोंग म्हणाला, "म्हणजे ढाल एकशे पंचवीसच्या माणसानं आणली, सर."

"ते मोजता येत नाही, ओपोंग," सर फेर्मिन म्हणाला आणि निघून गेला.

ओपोंग दुपारी सांतिंगला घेऊन आला. कुबडी होती त्याच्याकडे. गाल आत गेलेले, पोट तसंच. ओपोंगनं सगळं सांगितलं, अगदी सुरुवातीपासून, रॉकेलच्या डब्यापासून. शेवटी म्हणाला, "मला मार हवं तर, तोतो. माझ्या चार माशांपायी झालं."

सांतिंग ऐकत होता. गुडघ्याबद्दल विचारलं नाही, संघाबद्दल विचारलं नाही. त्यानं ते रिकामं वजन हातात घेतलं, खोबणीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "म्हणजे मी खाल्लं नव्हतं."

"नाही, तोतो."

"मी खोटं बोलत नव्हतो."

"नाही."

"लुदीला सांगशील? मी सांगितलं तर तिला वाटेल, अजून तेच बोलतोय."

आणि मग रडला तो. एवढा मोठा माणूस, माझ्या फळीवर बसून, कुबडी मांडीवर घेऊन. मला त्याचं वजन कळत होतं, ग्रॅमपर्यंत. पण त्या वेळी मला कळलं, मला काहीच कळत नाही.

पुढं संघानं विजेवर चालणारा काटा आणला. मला गावच्या आरोग्य केंद्राला देऊन टाकलं. आता इथं ओसरीवर उभा आहे. आया येतात, शाळेची मुलं येतात, शिक्षिका रांग लावते आणि आकडा मोठ्यानं ओरडते. मुलं हसतात. ज्याला हसतात तोही हसतो, सांतिंग हसायचा तसाच. कुणी माझ्यावरची धूळ पुसत नाही, त्याचं मला काही नाही. बिडाला काय होतंय.

सांतिंग आता तीनचाकी चालवतो. कधी इथून जातो. लोक अजून हाका मारतात, "सांतिंग, जाड झालास की रे." तो हात हलवतो. ओपोंगनं गावभर खरी हकिगत सांगितली, पण लोकांना आकडा आठवतो, हकिगत आठवत नाही.

तर मित्रांनो, उठायच्या आधी या म्हाताऱ्याचं एक ऐका. कुणाला काट्यावर उभं केलंत, तर आकडा हळू सांगा, त्याच्या एकट्याच्या कानात. आणि तो म्हणाला, मी खाल्लं नाही, तर लगेच माझ्याकडे बघू नका. आधी त्याच्या तोंडाकडे बघा, त्याला विचारा. मी काय, इथंच उभा आहे. मला नंतर विचारलंत तरी चालेल.